मामांचा काड्यांचा डाव

माझ्या बायकोच्या मामांइतक्या गांभीर्याने पोरखेळ खेळणारा माणूस पनवेलच काय, खाडीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. खेळ तसा साधा. मधोमध पत्त्यांची गड्डी, प्रत्येकापुढे रंगीत काड्या. पत्ता उलटला की त्यावरची आकृती, होडी म्हणा, मासा म्हणा, काड्यांनी जुळवायची आणि सगळ्यांच्या आधी टेबलावर थाप मारायची. पण नवीन पनवेलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रविवारची जेवणं आटोपली की मामा आधी पंखा बंद करत, कारण वाऱ्याने काडी हलते! आम्हाला घाम फुटे, त्यांना स्फुरण चढे. कुणाच्या माशाची शेपटी जरा फाकली की ओणवे होऊन म्हणत, "जावईबापू, हा मासा नाही, ही कात्री आहे. रद्द!" लग्न ठरण्याआधी माझी खरी परीक्षाही त्यांनी याच टेबलावर घेतली होती. मी सपशेल हरलो, तेव्हा निकाल लागला, "मुलगा चांगला आहे, हात जड आहेत."

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून ते उठले, पण उजव्या हाताचा कंप काही गेला नाही. तरी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी ते टेबलाशी येऊन बसले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पत्ता उलटला. त्यावर घर होतं. मामांचा चौकोन कसाबसा झाला, पण छपराची काडी टेकवताना बोटं थरथरली आणि भिंती सरकल्या. त्यांनी पुन्हा मांडलं, पुन्हा सरकलं. आमच्यापैकी कुणाचाच हात पुढे होईना. त्यांची लेक तर एक काडी बोटांत नुसती फिरवत बसली होती. मामांनी ते नेमकं पाहिलं.

"का गं, घर बांधायला मुहूर्त बघतेस?"

"सुचत नाहीये, बाबा."

"खोटं बोलू नकोस!" त्यांनी सगळ्या काड्या उधळून दिल्या. "आजारी मी आहे. तुम्हाला काय झालंय?"

तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी डावाला बसल्या नव्हत्या. लेकीला उठवून तिच्या खुर्चीत बसल्या, उधळलेल्या काड्या त्यांनी पुन्हा वाटल्या आणि पत्ता उलटला. पतंग! मामांची पहिली काडी ठरते न ठरते तोच मामींची थाप पडली. पुढचा पत्ताही त्यांनीच उचलला, त्याच्या पुढचाही. मामांच्या चेहऱ्याकडे बघायची आमची छाती होईना.

"तुला येतं हे?" मामा कसेबसे म्हणाले.

"तुमचं बघूनच आलं. उचला काड्या."

मामांनी काड्या उचलल्या, डाव्या हाताने. त्या दुपारी ते प्रत्येक डाव हरले आणि प्रत्येक डावावर मनसोक्त भांडले.

हल्ली ते दर रविवारी हरतात. पत्ता दुसऱ्याने जिंकला तरी आपली आकृती अर्धी टाकत नाहीत. डाव्या हाताने एकेक काडी लावत राहतात आणि तोवर आम्ही सगळे गप्प बसतो. शेवटची काडी बसली की मामींकडे बघतात. मामी वाकून नीट निरखतात, "हं, झालं बरोबर," म्हणतात, आणि मगच पुढचा पत्ता उलटतात.