फाटकाच्या जागी डोंगा

गावाचं रेल्वे फाटक बंद झालं, त्याची बातमी मीच लिहिली होती. तिसरी लाइन पडत होती. गाड्यांचा वेग वाढवायचा म्हणून रुळांच्या दोन्ही बाजूंना भिंती आल्या, फाटक निघालं आणि खालून भुयारी मार्ग दिला गेला. ट्रकने जाणारा माल विजेच्या गाड्यांनी जाईल, धूर कमी होईल, फाटकावर माणसं मरणार नाहीत, असं बातमीत होतं. त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं.

आमचं गाव रुळांच्या एका बाजूला आहे आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या. बोडी, म्हणजे लहान तळं, गावाच्या बाजूला. पाणी इकडे असल्यामुळे धानाची रोपं, पऱ्हे, बोडीखालच्या पट्ट्यात टाकायची आणि रोवणीला पलीकडे न्यायची, ही जुनी रीत. पऱ्ह्याची जागा आमच्याकडे बदलत नाहीत. वडील टाकायचे तिथेच भावाने टाकले. फाटक होतं तेव्हा बैलबंडी थांबायची, गाडी जायची, बंडी पुढे निघायची. फाटक गेल्यावरचा तो पहिलाच पावसाळा होता, आणि रीत बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

रोवणीसाठी मी नागपूरहून सुटी घेऊन आलो होतो. संध्याकाळपर्यंत पऱ्हे उपटून पेंढ्या बांधून झाल्या. रात्रभर पाऊस पडला. सकाळी पेंढ्यांनी भरलेली ट्रॉली भुयाराच्या उतारावर नेली, तर पुढे पाणी. भावाने बांबू घालून पाहिला. बांबू त्याच्या उंचीपेक्षा खोल गेला.

पलीकडच्या उतारावर रोवणीच्या बाया येऊन उभ्या होत्या. त्यांचं गाव तिकडचंच. भुयारातून आवाज स्वच्छ येत होता.

"भाऊ, पऱ्हे आनता का आमी जाऊ वापस?" त्यांच्या म्होरकीने विचारलं.

"थांब ना मावशी, आनतो."

"कसे आनता? उडवून?"

बायांचं हसणं भुयारात दुप्पट होऊन आलं.

"हासू नका वो," वहिनी म्हणाली. "उद्या याल का?"

"उद्याचा शब्द दुसऱ्याले देला बाई. मंग तुमची पाळी कवा येते, सांगता नाही येत."

उपटलेले पऱ्हे फार थांबत नाहीत. पेंढीच्या आत ऊब धरते, पानं पिवळी पडतात. दुसरे पऱ्हे घरात नव्हते आणि नव्याने टाकायची वेळ निघून गेली होती. पेंढ्या आज पलीकडे गेल्या नाहीत तर बांध्या वर्षभर पडीत राहणार होत्या.

मोठ्या रस्त्याने उड्डाणपुलावरून जाता आलं असतं, पण त्याच्या अलीकडचा नाला रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, वाहत होता. पाणी उपसायचा पंप उतारावर ताडपत्रीखाली होता. त्याचं कुलूप ठेकेदाराच्या माणसाकडे. फलकावरच्या नंबरवर भावाने फोन केला. माणूस पाठवतो, असं उत्तर आलं.

"तू लाव ना," भाऊ मला म्हणाला. "पेपरवाल्याच्या फोननं पाणी उतरते का, पाहू."

मी लावला. मलाही तेच उत्तर मिळालं.

भाऊ भिंतीकडे बघत राहिला. "मी चढतो. तू खालून पेंढ्या दे."

"अन् तिकडची भिंत?" वहिनीने विचारलं. "मधात गाडी आली त मी तुले गोळा करू का पेंढ्या?"

तेवढ्यात गाडी आलीच. भुयाराचा स्लॅब थरथरला, पाण्यावर बारीक लाटा उठल्या. बंद काचांची एक लांब रांग डोक्यावरून गेली. भाऊ भिंतीपासून मागे सरकला.

डोंग्याचं वहिनीला सुचलं. शेजारचे काका बोडीत शिंगाडे लावतात, आणि ते तोडायला त्यांच्याकडे लाकडी डोंगा, म्हणजे लहान होडी, आहे. अर्धी ट्रॉली रिकामी करून आम्ही तो आणला. डोंगा उतारावरून पाण्यात सोडताना काकांनी वरच्या रुळांकडे पाहिलं.

"तिकीट कोनापाशी काढू?"

"तुमीच टीसी," भाऊ म्हणाला.

पेंढ्या जाऊ लागल्या. काका बांबूने डोंगा रेटायचे, बाया पलीकडे उतरवून घ्यायच्या. भाऊ आणि वहिनी पहिल्या खेपांबरोबरच तिकडे गेले. मी इकडून भरत राहिलो. दुपारनंतर पुन्हा पाऊस सुरू झाला आणि पाणी वर चढायला लागलं. काकांना आधी मान वाकवावी लागली, मग डोंग्यात आडवं व्हावं लागलं. शेवटी त्यांनी डोंगा काठाला लावला.

"आता नाही बाबू. मधात अडकलो त वरून कोनी पाहनार नाही."

ट्रॉलीत पेंढ्या शिल्लक होत्या. पलीकडून भावाचा आवाज आला, "अजून किती हायेत?" मी सांगितलं. वहिनी म्हणाली, जेवढे आले तेवढे रोवू. ते दोघं त्या रात्री बायांच्या गावी राहिले. उरलेल्या पेंढ्या पिवळ्या पडल्या, त्या बैलांपुढे टाकल्या. दोन बांध्या पडीत राहिल्या.

पंप नंतर चालू झाला. हे गेल्या वर्षीचं. यंदा पऱ्हे पलीकडे टाकायचे, असं वहिनी म्हणत होती. भावाने तिकडे जाऊन पाहिलं. पाण्याची सोय नाही. नवी बोडी खोदायची तर एक बांधी जाते. पऱ्हे परत त्याच पट्ट्यात पडले. रोवणीच्या आधी भाऊ काकांकडे गेला, आणि त्यांनी डोंगा पाऊस यायच्या आधीच आणून भुयाराच्या तोंडाशी ठेवला. तो सध्या तिथे कोरड्या काँक्रीटवर पडलेला आहे. गावातल्या आणखी तीन घरांनी त्याची पाळी लावली आहे.