सोबत दे रे म्हाराजा

पांजरपोळात नोकरी केलेल्या माणसाला गप्पांना बसवू नये. जांभ्या दगडांच्या गडग्याच्या कुंपणात फटीफटीतून पाला साचतो, तसे त्याच्याकडे किस्से साचलेले असतात. एक ओढला की चार बाहेर येतात! मी रत्नागिरीच्या पांजरपोळात सहा वर्षं कारकून होतो. हल्ली सांगायला लागलो की नातवंडं विचारतात, "आजोबा, हे खरं ना?" मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही हेच विचारलं असतं.

एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची ही गोष्ट. घाटाकडे मोटारी नव्या नव्या धावू लागल्या होत्या आणि टांगेवाल्यांचे दिवस फिरले होते. मुंबईला बिऱ्हाडं हलत होती. माणसं आगबोटीत चढायची आणि त्यांची जनावरं धक्क्यावर राहायची. त्यातली बरीचशी शेवटी आमच्याकडे यायची.

पांजरपोळाचे प्रमुख बापूशेट. तांदळाचे व्यापारी, मनानं मोठे, पण शिस्तीचे भारी भोक्ते. गाय गाईंत, घोडा घोड्यांत, कुत्रं कुत्र्यांत, असा त्यांचा नियम. मी रुजू झालो तेव्हा प्रत्येक गोठ्यावर पाटी रंगवायचं काम मला मिळालं. माझं अक्षर सुंदर होतं आणि मला त्याचा तोरा होता. पाट्या लागल्यावर राखणदार धाकू गोताड याला मी त्या कौतुकानं दाखवल्या.

धाकू साठीचा, अंगानं काटक. त्यानं सगळ्या पाट्या मान वर करून बघितल्या आणि म्हणाला, "पाट्या झ्याक हायत, भाऊ. पन ह्या जनावरांना वाचता कुटं येतंय?"

* * *

आमच्या फाटकाशी चाफ्याखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. ते धाकूचं देवस्थान. नवं जनावर आलं की धाकू त्याला तिथे उभं करायचा, पायातल्या वहाणा काढायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. गावात देवळापुढे घालतात तसंच, मोठ्या आवाजात.

"हे बा म्हापुरुषा, आज ह्यो मुका जीव तुज्या दारात आलाय. ह्येचा मानूस सुटला, घर सुटला. ह्येचा जीव रमू दे, ह्येला सोबत दे रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला चार माणसं लागतात. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. पांजरपोळात धाकू एकटा. मी पहिल्यांदा पाहिलं ते एका म्हाताऱ्या कुत्र्याचं गाऱ्हाणं. त्याचा साहेब बदली होऊन गेला होता आणि कुत्रं लटलट कापत होतं. आपण हुंकार द्यावा असं मला वाटलं, पण इंग्रजी चौथी झालेल्या माणसानं कुत्र्यासाठी देवाला ओरडायचं, म्हणून मी लाजलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "ब्याँऽऽ!"

ती बयो. बुरोंडीकडच्या एका कोळ्याच्या कुटुंबानं मुंबईला जाताना धक्क्यावर सोडलेली पांढरी शेळी. गाऱ्हाण्यातला "म्हाराजा" आला की ती नेमकी ओरडायची. धाकू मान डोलवायचा, म्हणजे काम झालं! मग बयो स्वतःच नव्या पाहुण्याच्या मागोमाग जायची आणि त्याच्याजवळ बसायची. ते कापणारं कुत्रं दोन दिवस तिच्या पोटाला पाठ लावून पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी उठून भाकर खाल्ली. कुत्र्यानं खाल्लं तसं बयो उठली आणि निघून गेली.

बापूशेटांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. धाकू अनवाणी उभा असताना ते वहाणा घालून लांब उभे राहायचे. "ही गुरांची जागा आहे, धाकू. देऊळ नव्हे," म्हणायचे.

* * *

एका पेन्शनर मास्तरांचा पोपट आमच्याकडे आला. मास्तर काशीयात्रेला निघाले होते. पोपट स्तोत्रं म्हणायचा म्हणे, पण आमच्याकडे येऊन त्यानं तोंडच मिटलं. वर स्वतःची पिसं उपटायला लागला. छाती पार उघडी पडली. धाकूनं त्याचा पिंजरा उचलून आपल्या खुडूक कोंबडीच्या डालग्याशेजारी नेऊन ठेवला. कोंबडी अंड्यांवर आणि पोपट गजांना चोच लावून तिच्याकडे टक लावून.

पिल्लं निघाली. ती आठवडाभरात पिंजऱ्याखाली पडलेले दाणे टिपायला लागली. पोपट वरून मुद्दाम दाणे टाकतो, हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. धाकूनं दाखवलं तेव्हा मी कचेरी सोडून तासभर तिथे बसलो. पोपट एक दाणा उचलायचा, खाली पिल्लू आहे का बघायचा आणि मगच सोडायचा! पिसं परत आली.

मास्तर परतले ते पाचसहा मित्र घेऊनच आले, पोपटाची स्तोत्रं ऐकवायला. पोपटानं त्यांना ओळखलं, मान लववली, आणि कोंबडीच्या आवाजात "कुक् कुक् कुक्" करून साऱ्यांना दाणे खायला बोलावलं.

मास्तर गोरेमोरे झाले. पण पोपटाला घरी नेताना धाकूकडून दोन पिल्लं मागून घेऊन गेले.

* * *

हा किस्सा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तेल्याच्या घाण्याचा एक आंधळा बैल आमच्याकडे होता. जन्मभर घाण्याभोवती फिरलेला. इथे घाणा नव्हता, तरी तो गोठ्यात गोल गोल फिरायचा. दिवसभर फिरून त्याचे खूर झिजले, जखमा झाल्या. बांधला तर दावं तोडायचा. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास बंदरावरच्या खलाशांनी आगबोटीवरची एक मांजरी आणून दिली. पाय मोडला होता. पाय बरा झाला, पण तिला झोप येईना. कुठेही बसली की पाच मिनिटांत उठून उभी राहायची आणि रडायची. बरं, मासे होते, ऊब होती, काही कमी नव्हतं. धाकू म्हणाला, "ती बोटीत जल्मलेली, भाऊ. जमीन हलत नाय म्हनून तिला झोप नाय."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात गेलो तर मांजरी त्या आंधळ्या बैलाच्या पाठीवर गाढ झोपलेली! बैलाचा श्वास वरखाली होत होता, तशी ती वरखाली होत होती. तिला तिची बोट मिळाली होती.

पण मी थक्क झालो ते बैलाकडे बघून. तो उभा होता, एका जागी, पाय रोवून. पाठीवर काहीतरी झोपलंय हे त्याला कळलं होतं, आणि ते पडू नये म्हणून त्यानं आयुष्यभराचं फिरणं थांबवलं होतं. मांजरी उठेपर्यंत त्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही.

बापूशेटांना मी बोलावून आणलं. त्यांनी बैलाला सगळीकडून फिरून पाहिलं. मग म्हणाले, "त्या मांजरीची पाटी कुठाय?" नियम तो नियम!

* * *

कासमभाईंची घोडी आली तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मोटार सुरू झाल्यावर कासमभाईंचा टांगा बसला. घोडीला पोसणं जमेना, विकली तर कोण कशी वागवेल याची धास्ती. स्वतः मोटारीवर क्लीनर म्हणून लागले आणि घोडीला आमच्या फाटकाशी घेऊन आले. लगाम माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, हिला एकटी ठेवू नका. एकटी राहिली तर ही जगायची नाय."

धाकूनं गाऱ्हाणं घातलं, बयो ओरडली. घोडी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. चार दिवस तिनं हरभऱ्याला तोंड लावलं नाही. बयो तिच्या पायांत बसून राहिली. पाचव्या दिवशी बयोनं घोडीच्या टोपल्यातला हरभरा खायला घेतला. घोडीनं मान वळवून बघितलं, आणि तिच्या तोंडाशेजारी तोंड घालून खाऊ लागली.

या वेळी मात्र बयो निघून गेली नाही. जिथे घोडी तिथे बयो, असं वर्षभर चाललं. कासमभाई दर शुक्रवारी यायचे, दोघींना गूळ द्यायचे.

* * *

आता माझ्या हातून घडलेलं सांगतो. याची मला आजही लाज वाटते.

एक मोठे साहेब पांजरपोळ बघायला आले. त्यांनी घोडीच्या टोपल्यात शेळीचं तोंड पाहिलं आणि बापूशेटांना दोन शब्द सुनावले. शेटजींना ते फार लागलं. त्यांनी मला बयोला हलवायचा हुकूम लिहायला सांगितला. धाकू गयावया करत होता, "शेटजी, घोडी मरंल." मी कारकून, मी लिहिलं. एवढंच नाही, तर वळणदार अक्षरात, लाल शाईची रेघ मारून लिहिलं. बयोची रवानगी धाकूच्या लेकीकडे, लांज्याला झाली.

घोडीनं त्याच दिवशी भिंतीकडे तोंड केलं. हरभरा नाही, गवत नाही, जेमतेम पाणी. बापूशेटही घाबरले. त्यांनी गावातून तशीच पांढरी शेळी आणवली, कारण ही काय आणि ती काय, शेळीच ना! घोडीनं तिला हुंगलं आणि परत भिंतीकडे वळली. धाकू मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या जागी तुमच्यासारका दुसरा नेऊन बशिवला, तर वयनी ऐकून घेतील काय?"

आठव्या दिवशी घोडी बसली. बसलेली घोडी उठत नाही हे मला तोवर कळलं होतं. तो शुक्रवार होता, कासमभाई आले. मी हुकमाची हकिगत सांगितली, अक्षर माझं होतं तेही सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता गुळाचा खडा घोडीसमोर ठेवला आणि निघून गेले.

त्यानंतर मी बापूशेटांकडे गेलो आणि तो कागद त्यांच्यासमोर फाडला. नोकरी जाणार हे धरूनच गेलो होतो. ते तुकड्यांकडे बघून म्हणाले, "फाडून काय उपयोग? लांजा काय इथे आहे? शेळी चालत यायची म्हणजे घोडी उरणार आहे का?"

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकाबाहेर मोटारीचा भोंगा वाजला. पांजरपोळात मोटार कधी येत नसे. धुळीनं लाल झालेली ती उतारूंची मोटार फाटकाशी थांबली आणि मागून कासमभाई उतरले. काखेत बयो! लांज्याहून सगळा रस्ता तिला मांडीवर घेऊन आले होते. आतले उतारूही उतरून बघायला उभे राहिले.

बापूशेट तेव्हा घोडीपाशीच होते. आवाज ऐकून फाटकाकडे आले.

धाकूनं बयोला चाफ्याखाली उभं केलं. मी म्हटलं, "धाकू, ही आपलीच आहे. हिला गाऱ्हाणं कशाला?"

"भायेरनं आलेय ना? मग घालाया होवा," धाकू म्हणाला. त्यानं वहाणा काढल्या. मी काढल्या, कासमभाईंनी काढल्या. बापूशेट नेहमीसारखे लांब उभे होते.

"हे बा म्हापुरुषा," धाकूनं सुरू केलं. "आज ही बयो तुज्या दारात आलेय. हिनं समद्यांना सोबत केलीन. आज हिला सोबत दे रे म्हाराजा!"

हुंकार द्यायची ती बयो. पण मोटारीच्या धक्क्यांनी ती अर्धमेली झाली होती. मान खाली घालून उभी राहिली, तोंड उघडेना. मीच हुंकार द्यायला पुढे झालो.

तेवढ्यात आतून, गोठ्यातून, खुरांचा आवाज आला. आधी धडपडल्याचा, मग उभं राहिल्याचा. आणि नऊ दिवस ब्र न काढलेली घोडी एवढ्या जोरात खिंकाळली की चाफ्यावरचे कावळे उडाले.

धाकूनं मान डोलवली.

मी वळून पाहिलं. बापूशेट वाकून आपल्या वहाणा काढत होते.