सोन्याच्या दाताची मगर

विसितासिओन, आमची विसी, मासे साफ करायची. अत्रातो नदीच्या धक्क्यावर ती बसली की आधी मांजरं गोळा व्हायची, मग पोरं. मांजरांना आतडी मिळायची, पोरांना चित्रं. माशाच्याच सुरीनं ती मऊ लाकडाच्या फळ्या कोरायची, शाई फासून पुठ्ठ्यावर ठसे उमटवायची आणि पुठ्ठे जाळ्याच्या दोऱ्यानं शिवून पुस्तकं करायची. गावच्या बालवाडीत शहरातून आलेली पुस्तकंही होती, पण त्यांत बर्फ आणि गोरी पोरं. विसीच्या पुस्तकांत केळी, होड्या, पूर, आणि माणसं आमच्यासारखी काळी.

एका पुस्तकात मगर होती. नदीच्या तोंडाशी बसून ती प्रत्येक कोळ्याकडून अर्धी मासळी उकळते. शेवटी गावातले बेडूक तिच्या पोटात शिरतात आणि असे ओरडतात की ती पळूनच जाते. मगरीला एक सोन्याचा दात होता.

त्या काळी बंदूकवाल्यांचा कमांडर आमच्याकडून हप्ता घ्यायचा. त्यालाही सोन्याचा दात.

"मुद्दाम केलंस ना गं?" मी विचारलं.

"मगरीला दात असायचेच," विसी म्हणाली आणि पुढचा मासा उचलला.

एका सकाळी कमांडर होडीतून उतरला, कशावर तरी मोठ्यानं हसला. दात चमकला. चार वर्षांच्या लेइदीनं बोट दाखवलं. "विसीमावशी, तुझी मगर आली." बाकीची पोरं लगेच बेडकांसारखी ओरडायला लागली. डराव, डराव. आयांनी त्यांची तोंडं दाबली, पण उशीर झाला होता.

कसली मगर ते विचारून कमांडरनं पुस्तक मागवलं. बोटाला थुंकी लावून पानं उलटली, शेवटापर्यंत.

"कुणी काढलं?"

"मी," विसीचा धाकटा भाऊ नोल्बेर्तो पुढे झाला. त्याला साधी रेघ सरळ ओढता येत नव्हती, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

कमांडरनं चुलीतला कोळसा आणवला. "मग काढ की. इथंच, धक्क्याच्या फळीवर."

नोल्बेर्तो गुडघ्यावर बसला आणि काढू लागला. मगर भोपळ्यासारखी झाली. कमांडर हसला, त्याची माणसं हसली, घाबरून आमच्यातलेही दोघंतिघं हसले. मग त्यानं वाकलेल्या नोल्बेर्तोच्या मानेत गोळी घातली.

"मी काढलं," विसी म्हणाली.

"माहीत होतं मला. तुझे हात राहू देतो. नवं पुस्तक कर. त्यात मगर गावाची राखण करते. पुस्तक होईपर्यंत ह्याला कुणी हलवायचं नाही."

प्रेतावर माश्या बसायला लागल्या. विसीनं भावाकडे पाहिलं, मग कोरायची फळी मांडीवर घेतली. "तुमचा चेहरा नीट बघावा लागेल," ती म्हणाली. "असे बसा, खोक्यावर."

त्याला ते आवडलं. आपल्या चारही माणसांना त्यानं दुकानात दारू प्यायला पाठवलं आणि ऐटीत बसला. तिनं हनुवटी वर करायला सांगितली. त्यानं केली. पापण्या काढायच्यात, डोळे मिटा म्हणाली. त्यानं मिटले.

सुरी कानाखाली शिरली. तो लगेच मेला नाही. त्यानं तिचे केस धरले, तिला खाली ओढलं, बंदुकीची गोळी धक्क्याच्या फळ्यांमधून नदीत सुटली. मोठ्या माशाचा कल्ला कापताना ती मनगट फिरवायची, तसंच तिनं फिरवलं. मग त्याची पकड सुटली.

आवाज ऐकून चौघं धावत आले. तोवर आमच्याही हातात वल्ही आणि कोयते होते. मी एकाच्या डोक्यात वल्हं घातलं. तो आवाज अजून कानात आहे. दोघं तिथंच पडले, दोघं होडीतून निसटले.

नोल्बेर्तोला घाईघाईनं पुरलं आणि मिळेल त्या होडीत बसून आम्ही किब्दो शहराकडे निघालो. म्हातारे एलादिओ तेवढे हलेनात. "ह्या पायांनी शहरात जाऊन काय नाचू?" म्हणाले. त्यांची मुलगी देल्फा रडून रडून थकली. तिला आम्ही उचलून होडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी बंदूकवाल्यांनी गाव जाळलं. म्हातारे घरातच होते.

किब्दोच्या बाजारात विसी पुन्हा मासे कापायला बसली. एकदा देल्फा आली आणि तराजूचं वजन उचलून तिच्या तोंडावर मारलं. दोन दात पडले. विसीनं हात उचलला नाही, आम्हालाही मध्ये पडू दिलं नाही.

मग तिनं म्हाताऱ्यांचं पुस्तक केलं. एलादिओ जाळं विणताना, पोरांना खांद्यावर घेताना, कोंबड्यांवर ओरडताना. देल्फाच्या लहानग्या मुलासाठी पाठवलं. देल्फानं ते फाडून गटारात टाकलं. विसीनं पुन्हा छापलं. तेही फाडलं.

तिसऱ्या वेळी देल्फा स्वतः आली, पुस्तक हातात घेऊन. तिनं एक पान उघडून विसीपुढे धरलं.

"बाबांचे कान एवढे मोठे नव्हते," ती म्हणाली.

"किती होते?"

देल्फानं बोटांनी माप दाखवलं. विसीनं पाटाखालून फळी काढली आणि कान तासायला घेतले.