शेजारच्या सीटवर विनय: दिल्लीतल्या पहाटेच्या तीन कॉफ्या

"शनिवारपासून गाडी मी चालवणार," असं मी जाहीर केलं, तेव्हा विनय, माझा नवरा, हातातला टोस्ट खाली ठेवून म्हणाला, "कुठली गाडी?"

आमच्याकडे एकच गाडी आहे. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी टॉवरखाली, बेसमेंटमध्ये, दिवाळीपासून धूळ खात उभी. दिवाळीनंतर एका पहाटे विनयला हार्ट अटॅक आला, तेव्हाही ती तिथेच उभी होती आणि मी गेटवर कॅबची वाट बघत होते. एका ड्रायव्हरने राइड रद्द केली, दुसरा कुठेतरी वळसा घेत बसला. शेवटी वरच्या मजल्यावरचे तमिळ शेजारी पायजम्यावरच धावत खाली आले आणि त्यांनी आम्हाला हॉस्पिटलमध्ये पोचवलं. स्टेंट घातला, विनय घरी आला, डॉक्टर म्हणाले आता काळजी नको. मला मात्र तेव्हापासून एकाच भीतीने धरलंय. पुन्हा असं झालं तर? लायसन्स माझ्याकडे पुण्यापासून आहे, पण दिल्लीच्या रस्त्यावर मी कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. इथली माणसं गाडी चालवत नाहीत, एकमेकांवर सोडतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

म्हणून पहाटेचा बेत केला, रस्ते मोकळे असतानाचा. आणि कुठेतरी जायचं तर हवं, म्हणून कॉफी. डॉक्टरांनी विनयला दिवसातून एक कप कॉफी घेऊ दिली आहे आणि तो एकुलता एक कप घरच्या इन्स्टंट पावडरीवर वाया घालवायला तो तयार नाही. शिवाय हल्ली तो पहाटे जागाच असतो. रात्रीसुद्धा मी कूस बदलली की याचे डोळे उघडे. विचारलं तर म्हणतो, "हॉस्पिटलची सवय लागली गं."

पहिल्या शनिवारी आर. के. पुरम. अंतर जेमतेम, पण मधे रिंग रोड आहे आणि पहाटेचा रिंग रोड म्हणजे ट्रकांचं राज्य. तळहात इतके ओले झाले, की ते साडीला पुसत पुसत मी पोचले. टेकडीवरच्या दाक्षिणात्य देवळापासून जवळच एक लहानसं दुकान सहाच्या सुमाराला उघडतं. पितळी पेला-वाटीत फिल्टर कॉफी, चाळीस-पन्नास रुपयांत, सोबत गरम इडली. गाडी लावता लावता वॉकला निघालेले एक काका काचेवर टकटक करून म्हणाले, "मैडम, जलने की बू आ रही है. हैंडब्रेक तो नहीं लगा?"

लागला होता. घरापासून.

"मला वाटलंच, इंजिन कण्हतंय," विनय म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं मीच कण्हतोय."

आम्ही हसलो, पण परत निघताना मी हँडब्रेक तीनदा तपासला.

दुसऱ्या शनिवारी मी अंमळ शहाणपणा केला आणि थेट कमला नगर गाठायचं ठरवलं. विद्यापीठाचा परिसर, मुलं रात्रभर अभ्यास करतात, त्यामुळे तिथे एक-दोन कॅफे सातलाच उघडतात. (मोबाइलवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका, आदल्या दिवशी फोन करा. दिल्लीत थंडीत सात म्हणजे पावणेआठ.) वाटेत रिज नावाची जंगली टेकडी लागते, दोन्ही बाजूंना झाडी आणि माकडं. हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर मागून ॲम्ब्युलन्सचा सायरन आला आणि माझी गाडी बंद पडली. रस्त्याच्या मधोमध. आरशात नुसता लाल-निळा दिवा. किल्ली फिरवायची हेसुद्धा मला सुचेना. त्या ॲम्ब्युलन्समध्ये कुणाचा तरी विनय आहे आणि त्याच्या वाटेत मी आहे, एवढंच डोक्यात.

"मंजू, न्यूट्रल कर. किल्ली फिरव. डावीकडे घे. डावीकडे."

त्याने अगदी शांतपणे सांगितलं. ॲम्ब्युलन्स गेली. मग मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा एक हात छातीवर होता.

"दुखतंय?"

"नाही गं. सीटबेल्ट नीट करतोय."

कॅफे छान होता, उंच स्टुलं, भिंतीवर सायकल टांगलेली, दोनशेच्या आसपास एक कप. विनयने कॉफी अर्धी ठेवली. ती अर्धी कॉफी आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर होती. हे सगळं माझ्या हट्टापायी चाललंय आणि याच हट्टाने त्याला काही झालं तर, असं वाटून मी दोनदा बेत रद्द केला. दोन्ही वेळा त्यानेच परत ठरवला.

तिसरा शनिवार गुरुग्रामचा. पुण्याहून आलेली एक आयटीवाली मैत्रीण तिथे राहते, तिच्या सेक्टरमध्ये स्वतः बिया भाजणारं कॉफीशॉप आहे. धौला कुआं ओलांडेपर्यंत ठीक होतं. हायवेवर धुकं उतरलं आणि माझ्या गाडीचं बोनेटसुद्धा मला दिसेना. अशा वेळी दिल्लीकर एकच करतात, पार्किंगचे दिवे लावून पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे पकडतात आणि सोडत नाहीत. मीही पकडले. बसचे होते, मोठे, ठळक.

"विनय, एक्झिट कुठे आहे?"

"दिसत नाहीये. बस सोडू नकोस."

मी बस सोडली नाही. मागून कुणी येऊन आदळेल, ही धास्ती पाठीत ताठ बसली होती. फोनवर टोलचे पैसे कापल्याचा मेसेज वाजला, तेव्हा कळलं, की गुरुग्राम मागे पडलंय. थांबायची सोय नव्हती. बस वळली, मी वळले. बस थांबली, मी थांबले. समोर भलंमोठं लोखंडी फाटक आणि काचेवर सिक्युरिटीवाला.

"मैडम, ये कंपनी की बस का गेट है. स्टाफ हो क्या?"

मानेसर! मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात आम्ही सकाळच्या शिफ्टला हजर.

"और पीछे वाले भी आपके साथ हैं?"

मी वळून पाहिलं. माझ्यामागे आणखी दोन गाड्या. पहिलीतले सरदारजी उतरून म्हणाले, "ओ जी, मैं तो सेक्टर चौदह जा रहा था! आपकी लाइट पकड़ के आया हूँ."

फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही सगळ्यांनी कॉफी घेतली. उत्तरेकडे लग्नात मिळते ती, मशीनच्या वाफेवर फसफसवलेली, वर चॉकलेटची पावडर, पंचवीस रुपये. रात्रपाळी सुटलेले कामगार शेजारी उभे होते. विनयने कप तळापर्यंत संपवला. मला तेवढ्यानेच रडू आलं, धुक्याच्या नावावर खपवलं.

परतीला ऊन पडायला लागलं होतं. गुरुग्रामच्या उंच इमारती दिसू लागल्यावर मी म्हटलं, "मैत्रिणीला फोन करून सांग ना."

फोन त्याच्या मांडीवरच पडून राहिला.

"विनय?"

त्याची मान खिडकीकडे कलली होती. तोंड किंचित उघडं. मी पुन्हा हाक मारली, मग ओरडले. हात लांब करून त्याच्या गुडघ्याला हलवलं, गुडघा नुसता हलला. पुढचं मला एवढंच आठवतं, की मी रडत होते आणि हात काम करत होते. आरसा, इंडिकेटर, हॉर्न, डावीकडची लेन, सर्व्हिस रोड. समोर हॉस्पिटलची पाटी दिसली. मी गिअर टाकला.

आणि विनय घोरला.

चांगला दणदणीत, अटॅकच्या आधी घोरायचा तसा. मी गाडी कडेला घेऊन त्याच्या नाकाखाली बोट धरलं. उबदार श्वास. पुढे बऱ्याच वेळाने मला पहिला गिअर टाकता आला.

घरी पोचल्यावर बेसमेंटमध्ये मी त्याला उठवलं नाही. तो आपणच जागा झाला.

"पोचलो?"

"कधीच."

तो डोळे चोळत सरळ बसला. मग म्हणाला, "रात्री डोळे मिटायला भीती वाटते गं मला. झोपेत काही झालं, तर तू परत गेटवर एकटी उभी राहशील, असं वाटतं."

लोक विचारतात, तिन्हीतली कॉफी कुठली चांगली. आर. के. पुरमची, डोळे मिटून. पण धुक्यात जाऊ नका, आणि गेलात तर बसच्या मागे जाऊ नका. माझी भीती गेली का, तर नाही. रिंग रोडवर तळहात अजून ओले होतात.

आता रोज दिवा मालवताना विनय विचारतो, "गाडीत पेट्रोल आहे ना?" मी म्हणते, "आहे." मग तो भिंतीकडे वळतो आणि थोड्याच वेळात घोरायला लागतो. मी जागी असते, ऐकत.