आधी दूध घाला

गावात मोठं माणूस गेलं की त्या दिवशी दूध संस्था बंद ठेवायची, अशी आमच्याकडे रीत होती. माझे वडील, आण्णा, संस्थेचे सचिव. दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात एक म्हातारे संचालक वारले. आण्णांनीच कुलूप लावलं आणि दुपारपर्यंत घरोघरचं दूध नासलं. शेतात काही पिकलं नव्हतं. टँकरचं पाणी आधी म्हशीला, मग माणसांना. घरात तेल-मीठ यायचं ते दुधावरच.

मी पाटोद्याला शिकवायची. सुटीत घरी आले होते. आण्णांचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या संध्याकाळी ओसरीवर बसून ते म्हणाले, "माझ्या येळंला डेअरी बंद ठिवायची न्हाई. सकाळचं दूध घ्यायचं, गाडी जाऊ द्यायची, मंग मला उचलायचं. आन् नळ्याबिळ्या लावून बीडात ठिवू नका."

नळ्यांचं आईने लगेच मान्य केलं. दुधावर मात्र ती उसळली. "माणूस दारात निजलेला, आन् लोकांनी दुधाच्या केटल्या घेऊन जायचं? एवढं राबलात, एका दिसाचाबी मान न्हाई?"

"म्हशी सुतक पाळत्यात व्हय?"

"मंग माझ्या आधी जाऊ नका. भांडणच न्हाई."

"बरं. चेअरमनला इचारून सांगतो."

आई तोंडाला पदर लावून हसली, पण हो म्हणाली नाही. नंतर मी विषय काढला की म्हणायची, "तुला पुस्तकातलं कळतं, बाई."

पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. घरीच, पहाटे. पाऊस त्याही वर्षी नव्हता. उजाडताना चेअरमन आले आणि हळूच म्हणाले, "आज संस्था बंद ठिवतो, ताई." मला आण्णांचं बोलणं सांगायचं होतं, पण त्यांच्या उशाशी बसलेल्या आईकडे पाहून थांबले.

तेवढ्यात शेजारची काकू हंबरडा फोडत आली, आईच्या गळ्यात पडली. दोघी खूप रडल्या. मग आईने तिला जरा दूर धरलं.

"दूध घातलं का?"

"आवो, आज कुठलं दूध?"

"जा. आधी दूध घाला, मंग या रडायला." आणि वर न बघताच, "कुलूप काढा, भाऊजी. ते वाट बघायलेत."

येईल त्या बाईला ती तेच विचारत राहिली. वेशीपलीकडे दूधगाडीचा आवाज विरला, तेव्हा पदराने डोळे पुसून उठली.

"आता न्हाऊ घाला त्यांना," म्हणाली.