फोन नसलेला माणूस

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्हाला माझ्यासोबत जेवायला बसायचं नाही.

माझ्याकडे मोबाईल नाही. कधीच नव्हता. शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा सोबतचे मास्तर हसायचे. निवृत्त झालो आणि तोच हट्ट एकदम गुण ठरला. आता शाळा मला व्याख्यानाला बोलावतात. शाल, नारळ, टाळ्या. मी मुलांना सांगतो, फोन नसल्यानं माझं आजवर काहीही बिघडलेलं नाही.

पण या शाळा मला बोलावतात कशा, हे कोणी विचारतं का? त्या सुनंदाला फोन करतात. गॅसचा ओटीपी तिच्या फोनवर, पेन्शनचा मेसेज तिच्या फोनवर, माझ्या डॉक्टरची वेळ तीच घेते. माझी शांतता तिच्या पर्समध्ये वाजत असते.

आणि — आता लाज वाटायला लागली — मला फोन चांगला वापरता येतो. ती बाहेर गेली, फोन घरी राहिला, की मी त्यावर जुन्या क्रिकेटच्या मॅच बघतो. तासन् तास. ती यायच्या आत सगळं पुसून ठेवतो. तिला वाटतं, मला हिरवं बटण आणि लाल बटण यातलाही फरक कळत नाही. सगळ्यांनाच तसं वाटतं. मीच वाटू दिलं.

सासूबाई देवगाव रंगारीला असायच्या, सुनंदाच्या धाकट्या भावाकडे, मिलिंदकडे. थकल्या होत्या. सुनंदाला त्यांना आमच्याकडे शहरात, उस्मानपुऱ्यात आणायचं होतं, मिलिंद सोडत नव्हता, त्यावरून दोघांत कुरबूर चालू होती. अशातच एका दुपारी ती विहारात बायकांच्या बैठकीला गेली. फोन मुद्दाम माझ्यासाठी ठेवून गेली. एका शाळेचा फोन येणार होता, व्याख्यानाची तारीख ठरवायला.

शाळेचा आला नाही. अनोळखी नंबरचा आला. ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये. कर्ज हवंय का विचारणारे असतील म्हणून मी कट केला. परत आला, परत कट केला. मग वेगवेगळ्या नंबरांवरून येतच राहिला आणि मी कट करतच राहिलो — चिडून, अंगठ्यानं, डास मारावा तसा. विहार आमच्या गल्लीच्या टोकाला. फोन घेऊन तिला नेऊन दिला असता तर? नुसता उचलला असता तर? पण मॅच थांबली असती ना.

नंतर ती कट केलेल्या फोनांची रांग बघून मी घाबरलो. कोणाचे असतील म्हणून नाही. कोणी कट केले, असं सुनंदा विचारेल म्हणून. मी सगळे पुसून टाकले.

ते मिलिंदचे होते. आईला घाईघाईत दवाखान्यात नेताना त्याचा फोन घरीच राहिला होता. बहिणीचा नंबर पाठ होता, म्हणून तो दवाखान्यात भेटेल त्याच्याकडून फोन मागून लावत होता. सासूबाई शुद्धीवर होत्या. सुनंदाला बोलवा म्हणत होत्या. ती तेव्हाच निघाली असती तर पोहोचली असती. संध्याकाळी मिलिंदनं घरून, स्वतःच्या फोनवरून लावला, तेव्हा सांगायचं एवढंच उरलं होतं की आई गेली.

हे सगळं मला कळलं ते सासूबाईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या नावानं वंदना आणि जेवण असतं तेव्हा. वंदना आटोपली होती, माणसं जेवायला बसायची होती. सुनंदानं भावाला विचारलं, मला आधी का नाही कळवलंस? तो म्हणाला, "ताई, दुपारधरनं लावत व्हतो. तू कट करीत व्हतीस." तिनं पर्समधून फोन काढून त्याच्यासमोर धरला. दाखव म्हणाली, यात त्या दुपारचा एक तरी आहे का?

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुमी घरीच व्हते ना? वाजला व्हता ना फोन?"

सगळी भावकी माझ्याकडे बघत होती. मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं?"

आणि लोकांना पटलं. एक म्हातारबा तर म्हणाले, "त्या मास्तरला काय इचारता, त्याला फोन धरता बी येत नाय." मिलिंद खोटा ठरला. मनात राग धरून त्यानं बहिणीला आईपासून तोडलं, असं ठरलं. सुनंदा न जेवता उठली.

तेव्हापासून ती माहेरी गेलेली नाही. भावाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. पत्रिका आली, तिनं ती कपाटात ठेवली. लग्नाच्या दिवशी सकाळी चांगली साडी नेसली आणि दिवसभर घरात बसून राहिली. मी समोरच होतो. पेपर वाचत.

आता ती फोन क्षणभरही लांब ठेवत नाही. उशाशी ठेवते, न्हाणीघराच्या दारात ठेवते. अनोळखी नंबर दिसला की हातातलं टाकून धावते.

आज सकाळी फोन वाजला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं धावली, धापा टाकत हॅलो म्हणाली, ऐकत राहिली. मग फोन पदराला पुसून माझ्यापुढे धरला. बिडकीनच्या एका शाळेचा होता. मोबाईलशिवाय कसं जगावं, यावर मुलांशी बोलाल का, असं विचारत होते.

मी हो म्हणालो.