टालमधला एच

लेकीच्या सासरी, जर्मनीतल्या खेड्यात, व्याह्यांशी काय बोलावं मला सुचत नव्हतं. फिरायला निघताना त्यांच्या दारावरच्या पाटीवर गावाच्या नावात ‘टाल’ दिसलं. टाल म्हणजे दरी. पण इथे टीनंतर एच होता.

“चूक आहे का?” मी इंग्रजीत विचारलं.

“जुनं लेखन,” ते म्हणाले. “एच उच्चारत नाहीत, म्हणून पुढे गाळला. इंग्रजीत दरीला ‘डेल’ म्हणतात, तो ‘टाल’चाच भाऊ. पाटी वडिलांनी लिहिलेली. रंगवताना मी एच ठेवतो.”

न उच्चारलेल्या अक्षरावरही माणसाचा जीव जडतो.

“तुमच्या भाषेत काय म्हणतात?”

“दरी. नदीची असेल तर खोरं.”

त्यांचा ‘र’ घशातच अडकला. उतार संपेपर्यंत ते ‘खोरं, खोरं’ घोकत राहिले आणि मी न अवघडता त्यांचा उच्चार सुधारत राहिले.